वरच्या आळीचं पाणी

सात आठवडे पावसाचा थेंब नव्हता आणि पोधोल गावातल्या सगळ्या टाक्या गळ्यापर्यंत आल्या होत्या. पाण्याच्या नव्हेत, संडासाच्या. परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागं, सिमेंटच्या झाकणाखाली पुरलेल्या. झाकणांच्या फटींतून निळ्या माश्या आत-बाहेर करत होत्या आणि माणसं तिकडं बघून न बघितल्यासारखं करत होती.

टाकी भरली की तालुक्याहून उपसायची गाडी बोलवायची, असा कायदा. ती गाडी पोधोलात आलेली कुणी बघितली नव्हती. प्रत्येक टाकीच्या बुडातून एक नळी ओढ्याच्या काठाला निघायची. तिच्या तोंडाला लाकडी बूच, बुचाला लोखंडी कडी. वादळी पाऊस आला, ओढा तांबडा होऊन दगड लोळवायला लागला, की आकडा घेऊन जायचं आणि बूच ओढायचं. ओढा सगळं घेऊन जायचा. कुठं न्यायचा ते खालच्या गावानं बघावं. या गोष्टीबद्दल पोधोलात कुणी अवाक्षर काढायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. बाप पोराला शिकवायचा तेही न बोलता, नुसता आकडा हातात देऊन.

गाव म्हणजे एक रस्ता आणि एक ओढा, दोन डोंगरांच्या मधून एकमेकांना धरून उतरणारे. वर रस्ता संपतो तिथं बस वळते. तिथून चर्चपर्यंत वरची आळी, चर्चपासून खाली खालची. सगळ्यात शेवटचं घर ओतिलिया ह्रोंचेकोवाचं, म्हणजे ह्रोंचेकच्या बायकोचं. तिला गाव तिल्का म्हणायचं. वरच्या आळीतून धावत येणारा ओढा नेमका तिल्काच्या घरापाशी येऊन सपाट व्हायचा, साकवाखाली चाळीस पावलं रेंगाळायचा आणि मग पुढं घळीत पडायचा. काठापासून सात पावलांवर तिचा आड होता. पाणी असं गार, की उन्हाळ्यात पिताना दात शिवशिवायचे.

तिल्का अठ्ठावन्नची होती. अकरा वर्षं ती पंधरा दिवस ऑस्ट्रियात आणि पंधरा दिवस घरी असं आयुष्य काढत होती. तिकडं एका म्हातारीची लंगोटं बदलायची, अंग पुसायचं, रात्री हाक आली की उठायचं. आधीची म्हातारी मेली की एजन्सी दुसरी द्यायची. तिकडच्या नळाच्या पाण्याला नळाचीच चव, म्हणून ती दर फेरीला आडाच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन जायची. व्हॅनमधल्या बायका हसायच्या. आता दोनच फेऱ्या उरल्या होत्या. सप्टेंबरपासून कायमचं घरी. आपलं घर, आपला आड, दुसऱ्याच्या ढुंगणाला हात लावायचा नाही. एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिनं कमावलं होतं.

त्या सोमवारी ती आणि तिचा नवरा वेंडेलिन घरामागच्या चढावर गवत कापत होते. चढ असा की ट्रॅक्टर उलटेल. लांब दांड्याच्या विळ्यानंच कापावं लागायचं. वेंडेलिनचा खुबा दुखायचा, म्हणून तो दहा हात मारायचा आणि विळ्याला धार लावायच्या निमित्तानं थांबायचा. तिल्का मागून दाताळ्यानं गवत ओढत होती. घाम डोळ्यांत उतरत होता, गवताची कुसं गळ्याशी चिकटून खाजत होती.

"किती धार लावशील? दगड झिजला," ती म्हणाली.

"विळा झिजतोय, मी झिजतोय, दगड तेवढा झिजू नये होय?"

एवढ्यात गावातले भोंगे खरखरले. आधी नेहमीचं बँडचं गाणं वाजलं, निम्म्यातच तुटलं, आणि सरपंच सेवेरिनचा आवाज आला. "पोधोलच्या मंडळींनो, ऐका. हवामानवाल्यांचा इशारा आहे. चारनंतर जोरदार वादळ, गारा, ओढ्याला लोंढा. गवत आत घ्या. गाड्या झाका. ओढ्याकाठी कुणी उभं राहू नका."

वेंडेलिननं टोपी मागं सरकवली. "आलं आवतण."

समोरच्या चढावर माणसं कापलेलं गवत तसंच टाकून खाली उतरायला लागली होती. गवतासाठी एवढी घाई कुणी करत नाही. मे महिन्यात वादळ आलं ते पाव तासात संपलं होतं, आणि पाऊस भरात येईपर्यंत वाट बघणाऱ्यांच्या टाक्या निम्म्याच रिकाम्या झाल्या होत्या. त्यातून गावानं धडा घेतला होता, की शहाण्यानं आधीच ओढावं.

दोघांनी सापडेल तेवढं गवत चादरीत बांधलं. तिल्कानं गाठोडं पाठीवर घेतलं आणि गुडघे सांभाळत उतरली. गोठ्यात टाकून बाहेर आली तर आभाळ काळं झालं होतं आणि वारा असा सुटला होता की वाळत टाकलेली वेंडेलिनची पॅंट कुंपणावर जाऊन पडली. एकदा गडगडलं. वरच्या आळीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग एकापाठोपाठ एक.

"जातेस ना?" वेंडेलिन दारातून म्हणाला. त्याला काठ उतरवत नसे. "थेंब पडायला लागले की चिखल होईल. आत्ताच जा."

तिल्का आकडा घेऊन गेली. साकवाच्या खालच्या अंगाला खाजऱ्या झुडपांत तिची नळी होती. झुडपं बाजूला करताना हाताला आग सुटली. तिनं आकडा कडीत अडकवला, तोंड फिरवलं आणि ओढलं.

आणि वारा पडला. एकदम, कुणी दार लावून घ्यावं तसा. ढग डोंगराच्या कडेला पोट घासत पलीकडच्या खोऱ्यात उतरले. पलीकडं धो धो कोसळत असल्याचा आवाज इथं ऐकू येत होता. पोधोलात ऊन पडलं.

तिल्का आकडा धरून उभी राहिली. ओढ्यात दोन बोटं पाणी होतं. तेवढ्यात वरून ते आलं. लोंढा नव्हता तो. लोंढा आला असता तर बरं झालं असतं. दगडांच्या फटींत थांबत, मागून आणखी आलं की पुढं सरकत, ते सावकाश आलं. करडं, काळं, मध्ये कागदाचे पांढरे लगदे, बायकांच्या घड्या, कुणाच्या तरी पोराचं प्लॅस्टिकचं फावडं. साकवाखाली सपाटीला येऊन ते थांबलं, पसरलं, आणि तिथंच बसलं.

"पाऊस पडला का गं?" वेंडेलिननं विचारलं.

"ये आणि बघ," ती म्हणाली, आणि वाकून ओकली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यावर साय आली होती आणि सायीवर माश्या. बदकांना काय, ती खुशाल त्यात चोची मारत होती. तिल्कानं ती हाकलून कोंडली. मग दोघांनी फावडी घेतली. ती ओढ्यात उतरून भरायची, वेंडेलिन ढकलगाडी लंगडत नेऊन बटाट्याच्या शेतापलीकडच्या खड्ड्यात उलटायचा. गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत घाम साचून पाय पचपचत होते. तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं, तरी प्रत्येक फावड्याबरोबर वास जिभेवर यायचा. ऑस्ट्रियातल्या म्हाताऱ्यांचं अकरा वर्षं काढलं, पण ते एका माणसाचं असायचं, त्याचं नाव ठाऊक असायचं, आणि तो माणूस निदान लाजायचा. ही अख्ख्या गावाची घाण होती आणि लाजायला कुणी नव्हतं.

दुपारी तिला फावड्यात बारीक काळे दाणे दिसले. खसखस. रविवारी वरच्या आळीत खसखशीचे रोल कुणी केले होते ते तिला ठाऊक होतं. ती फावडं टेकवून उभी राहिली.

"काय झालं?" वेंडेलिन म्हणाला.

"काही नाही. क्वेताकडं रविवारी पाहुणे होते वाटतं."

तीन दिवस उपसलं. वर चुना पसरला. रस्त्यानं बस रोज तीनदा खाली गेली, तीनदा वर आली. खिडक्या बंद होत्या. ओळखीचे चेहरे दुसऱ्या बाजूच्या डोंगराकडं बघत होते, जणू डोंगर आजच तिथं आणून ठेवलाय.

चौथ्या दिवशी तिनं आडात पोहरा सोडला. वर आला तेव्हा पाणी नेहमीसारखं स्वच्छ दिसत होतं. ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं आणि तिनं ओंजळ सोडली. आडात नसलं तर पोहऱ्यात येत नाही म्हणतात. आलं, म्हणजे आडात होतं.

"वेंडो, वास घे."

त्यानं घेतला. मान फिरवली. "जमिनीतून मुरतं. पाऊस पडला की धुऊन निघेल."

"पाऊस पडला की वरचे परत सोडतील."

"तेव्हा पाणी असेल गं ओढ्यात."

"तू हे पिशील?"

त्यानं पोहरा पालथा केला. संध्याकाळी ती शेजारच्या खोऱ्यातल्या झऱ्यावरून कॅन भरून आणताना दोनदा खाली बसली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाण्यासाठी पाऊण तास चालायचं, आणि घरात आड.

* * *

रविवारी चर्च सुटल्यावर ती थेट वरच्या आळीला गेली. पहिलं घर गाश्पारकाकांचं. ते बाकावर बसून शेंगा सोलत होते.

"काका, तुमची टाकी सोडलीत का गेल्या सोमवारी?"

"टाकी?" काका शेंगांकडं बघत राहिले. "मी एकटा जीव. मी खातो केवढं, जातो केवढं? माझी टाकी कोरडी ठणठणीत."

पुढच्या घरी सून म्हणाली सासूला विचारा, सासू म्हणाली मुलाला विचारा, मुलगा गाडीखाली झोपून पाना फिरवत होता तो बाहेरच आला नाही. त्याचे पाय तेवढे दिसत होते. तिसऱ्या घरी कुत्रं सोडलेलं होतं.

क्वेतानं मात्र तिला आत बोलावलं. क्वेता तिच्याच व्हॅननं ऑस्ट्रियाला जायची, अकरा वर्षं शेजारी बसून. तिनं वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या होत्या, चार न्हाणीघरांसकट.

"बस गं. कॉफी घेतेस?"

"पाणी कुठलं आहे कॉफीला?"

"आमच्या आडाचं. का?"

"माझा आड गेला, क्वेता. वास मारतो. तुमचं सगळ्यांचं माझ्या दारात येऊन बसलंय."

क्वेतानं कपाळाला आठी घातली. "कसला वास? मला तर आला नाही बाई. चर्चपाशी उभी होते सकाळी."

"चर्चपासून खाली उतर की चार पावलं."

"हे बघ तिल्का, ओढा म्हटला की वाहणार. आणि काय गं, तू काय तुझी टाकी डोक्यावरून तालुक्याला नेतेस?"

तिल्काचा चेहरा तापला. ती उठली. क्वेता दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "गावात राहायचंय ना सप्टेंबरपासून? मग असं दारोदार हिंडू नये. लोकांना आवडत नाही."

सरपंच सेवेरिन अंगणात डुकरांना खायला टाकत होता. तिल्काबरोबर तो एका बाकावर शिकला होता, पहिलीपासून तिच्या वहीतून उतरवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बादली पालथी घालून तिला बसायला दिली, आणि म्हणाला, "पाऊस येईल."

"एवढंच?"

"मग काय करू? गटार बांधू? शंभर माणसांच्या गावाला गटार कोण देतं? वर अर्ज केला तर हसतात. तू एक कर. चुना टाक आणखी."

तिल्का घरी आली आणि तिनं जिल्ह्याच्या कचेरीच्या, सुट्टीतही चालू असलेल्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला.

* * *

मंगळवारी तपासनीस येणार हे गावाला भोंग्यावरून कळलं. सेवेरिननं बँडचं पूर्ण गाणं लावलं आणि मग सांगितलं, "मंगळवारी कचेरीचे पाहुणे ओढा बघायला येताहेत. आपापल्या मागचा काठ नीटनेटका करून घ्या." दोन दिवस वरच्या आळीत फावड्यांचे आवाज येत होते. तिल्काला वाटलं, चला, निदान साफ तरी करताहेत.

तपासनीस तिशीची बाई होती. पायांत जाड बूट, खांद्याला बाटल्यांची पेटी. तिनं आडातलं पाणी घेतलं, ओढ्यातलं घेतलं, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि सेवेरिनला विचारलं, "गावात राहतात किती?"

सेवेरिननं रजिस्टर आणलं होतं. छाती पुढं काढून म्हणाला, "एकशे दोन."

तो आकडा त्याचा जीव होता. शंभर किंवा वर असलं तर बस दिवसातून तीनदा, शंभराखाली गेलं की एकदा. म्हणून तो दरवर्षी सुट्टीच्या बंगल्यांच्या मालकांच्या हातापाया पडून त्यांची नावं इथं लावून घ्यायचा. ते नाताळात येत आणि चार दिवसांनी जात.

"एकशे दोन माणसं, म्हणजे टाक्या बऱ्याच भरत असतील," तपासनीस म्हणाली. "चला, बघू या."

मग ती घरोघर गेली, सेवेरिन पुढं आणि तिल्का मागं. पहिल्या घरी पडदे ओढलेले. सेवेरिन म्हणाला, हे लोक फक्त नाताळात असतात. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, पोरगा, सून, नातवंडं सगळी मोटारीच्या कारखान्याकडं असतात, नावं तेवढी इथं. मागच्या दोरीवर पोरांचे नऊ मोजे वाळत होते. गाश्पारकाका म्हणाले, मी जेवायला बहिणीकडं जातो आणि बाकीचंही तिकडंच उरकतो. क्वेता म्हणाली, "मी अर्धा महिना ऑस्ट्रियात, नवरा जंगलात लाकडं तोडायला, आणि पाहुणे यंदा आलेच नाहीत." वरच्या खिडकीत एका टकल्या परक्या माणसानं डोकं काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

टाक्यांची झाकणं उघडली. सगळ्या रिकाम्या. आठ दिवसांपूर्वीच रिकाम्या झालेल्या, दुसरं काय असणार? ज्याचं त्याचं हेच उत्तर: "इथं राहतंय कोण, भरायला?"

बस वळते तिथं पोचेपर्यंत तपासनीसबाईच्या वहीत सव्वीस माणसं आली होती.

"सरपंच, एकशे दोन माणसं कुठं आहेत?"

"आहेत. कागदोपत्री आहेत."

"आणि ओढ्यातलं ते?"

सेवेरिननं डोकं खाजवलं. "जंगलातलं असेल बाई. रानडुकरं फार माजलीत."

तिल्काला हसूही येईना आणि रडूही. हीच माणसं होती. यांच्याच लग्नांत ती नाचली होती, यांच्याच आया मेल्या तेव्हा तिनं त्यांना अंघोळी घातल्या होत्या. आणि एका दुपारी निम्म्याहून जास्त गाव आपण जिवंत नसल्यासारखं वागत होतं, केवळ आपण हगतो हे कबूल करायला नको म्हणून. तिला त्यांची किळस आली. ओढ्याची आली होती त्याच्याहून जास्त.

"बाई, माझ्याबरोबर या," ती म्हणाली.

वेंडेलिन फाटकात उभा होता. तिची चाल बघूनच त्याला कळलं. त्यानं तिचा दंड धरला. "तिल्का, नको. आपल्याच अंगावर येईल."

"सोड."

"अगं, कुणी म्हणजे कुणी बोललं नाही. तूच कशाला?"

"कुणी बोललं नाही म्हणूनच."

ती काठ उतरली, साकवाच्या खालच्या अंगाला गेली आणि खाजरी झुडपं दोन्ही हातांनी उपटून काढली. नळीचं तोंड उघडं पडलं. बूच तिनं परत लावलं नव्हतं. "ही माझी. गेल्या आठवड्यात सोमवारी पाऊस येणार म्हणून मी ओढलं. भोंगा वाजल्यावर सगळ्यांनीच ओढलं. अशी प्रत्येक घराला एकेक आहे. माझी आडाच्या खाली आहे, हे बघा. माझं घाण पाणी चढ चढून आडात जाणार नाही. जे गेलंय ते वरचं गेलंय."

तपासनीसबाईनं फोटो काढले. मग ती म्हणाली, "मला वरच्याही दाखवा."

तिल्का अक्षरशः पळतच वर गेली. क्वेताच्या मागचा काठ तिला तोंडपाठ होता, लहानपणी तिथं दोघी बेडूक धरायच्या. नळी एल्डरच्या झाडाच्या मुळाशी. तिथं आता ताज्या सिमेंटात बसवलेले दगड होते, आणि त्यांवर पाणी मारून ठेवलेली हिरवळ. पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरी फुलांची कुंडी ठेवलेली. नीटनेटका काठ म्हणजे काय हे तिला तेव्हा समजलं.

"इथंच आहे," ती म्हणाली. "फोडा ना."

"फोडायला आदेश लागतो," तपासनीसबाई म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता. "मी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहू शकते, मावशी."

क्वेता काठावर हात बांधून उभी होती. "तिल्का, अकरा वर्षं एका व्हॅननं जातोय आपण," ती म्हणाली. "असं करायचं असतं होय?"

* * *

अहवाल तीन दिवसांनी आला. आडाचं पाणी पिण्यास अयोग्य. आड वापरण्यास बंदी. कारण: ह्रोंचेक कुटुंबाची स्वतःची गळकी टाकी, आडापासून अपुऱ्या अंतरावर. ओढ्यात मैला सोडणारी गावात आढळलेली घरं: एक. कचेरीच्या माणसानं आडाच्या झाकणावर पिवळा कागद चिकटवला आणि तो गेला.

तिल्कानं कागद तीनदा वाचला. पाणी खालून वर चढतं असं सरकारी शिक्क्यानं लिहिलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं.

त्याच दुपारी क्वेता आली. एका हातात बाटलीबंद पाण्याचा गठ्ठा, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला खसखशीचा रोल. चेहऱ्यावर असं हसू, जसं बाळंतिणीला बघायला आलीय.

"गावात सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आहे," ती खुर्चीत बसत म्हणाली. "म्हणतात, तिल्कानं एकटीनं अंगावर घेतलं. कुणाचं नाव घेतलं नाही."

"घेतलं होतं. सगळ्यांचं घेतलं होतं."

"ते जाऊ दे. झालं ते झालं. गाव विसरत नाही हो असलं. पाणी लागेल तेवढं आणून देऊ. सेवेरिन तर म्हणतो, शनिवारी ट्रॅक्टरनं मोठी टाकीच पाठवतो." तिनं फडकं सोडलं. "खा, ताजा आहे."

तिल्कानं रोलकडं बघितलं. काळी खसखस कडेनं सांडली होती. फावड्यावर जी बघितली होती तीच. कुणी शिव्या दिल्या असत्या, खिडकीवर दगड मारला असता, तर तिनं सोसलं असतं. पण हे लोक तिचे आभार मानत होते.

क्वेता गेल्यावर ती आडापाशी जाऊन उभी राहिली. परत आली तर वेंडेलिन टेबलाशी बसून खात होता. निम्मा रोल संपला होता. मिशीला साखर लागली होती.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "घे की."

"वेंडो, तुला घशाखाली उतरतं?"

"काय उतरत नाही? खसखस आहे. उपाशी राहून आड भरणार आहे का?" त्यानं बोटं चाटली. "हे बघ, माणसं आली ना दारात? पाणी आणलं ना? बाटलीतलं पिऊ. चवीची एवढी काय नवलाई! आणि पुढच्या वेळी जरा वाट बघून ओढायचं. थेंब पडल्यावर."

"पुढच्या वेळी?"

"मग? टाकी काय भरायची थांबणार आहे?"

तीस वर्षांच्या संसारात तिला हा माणूस कधी आळशी वाटला होता, कधी भित्रा. घाणेरडा तो आज पहिल्यांदा वाटला. खरं म्हणजे तो चुकीचं काही बोलत नव्हता, इथं राहायचं तर असंच राहावं लागणार होतं. मिशीला साखर लावून, न बघता. हे पटलं, आणि पटल्यावर तिला त्या खोलीत थांबवेना.

तिनं एजन्सीला फोन केला. दोन फेऱ्या नकोत, म्हणाली, कायमचीच जागा द्या. म्हातारीच्या घरात माडीवर खोली होती, ती मिळाली. तिकडचं पाणी नळाचंच. पण ज्याचं काढायचं त्याचं नाव ठाऊक असेल.

"मी येत नाही," वेंडेलिन म्हणाला. "बदकं कोण बघणार?"

"तू ये असं मी म्हटलंच नाही." त्याचे शर्ट तिनं धुऊन, इस्त्री करून कपाटात लावले. झऱ्याच्या पाण्यानं धुतले. त्यासाठी तिला सहा खेपा पडल्या.

* * *

सोमवारी ती पंचायतीच्या कचेरीत गेली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"नाव कमी कर," ती म्हणाली.

सेवेरिननं खुर्ची पुढं ओढली. "जा की तू. कोण अडवतंय? खुशाल जा, कामधंदा कर. पण नाव कशाला काढतेस?"

"मी राहत नाही इथं."

"इथं राहतंय कोण!" तो बोलून गेला आणि कान लाल करून थांबला. "हे बघ तिल्का. गाश्पारकाकांना परवा दवाखान्यात नेलंय. परत येतील असं दिसत नाही. म्हणजे एकशे एक. तू गेलीस की शंभर. उद्या आणखी कुणी गेलं की बस गेली. म्हाताऱ्यांनी डॉक्टरकडं कसं जायचं? तू नसलीस तरी चालेल, पण नाव राहू दे. नावानं तुझं काय बिघडतं?"

"काही नाही. नावाला टाकी लागत नाही, त्याला आड लागत नाही. तुमच्या गावाला असलीच माणसं बरी."

"रागावू नकोस गं. लहानपणापासून ओळखतो तुला."

"म्हणूनच तर. लिही."

त्यानं पेन उचललं, परत ठेवलं. "आणि वेंडो?"

"तो राहतोय. त्याला धर. पण धरायचा तर पोटासकट धर, नुसता बसपुरता नको."

सेवेरिननं रजिस्टर पुढं ओढलं, शेवटच्या पानावर तिचं नाव शोधलं, पट्टी लावली आणि रेघ मारली. रेघ पूर्ण होईपर्यंत तिल्का उभी राहिली, मग पिशवी उचलून बाहेर पडली.